डिजिटल संगोपनविषयक परिषदेकडे निबंध पाठविताना

‘डिजिटल क्युरेशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासशाखेच्या आंतरराष्ट्रीय परिषदा गेली वीस वर्षे भरत आल्या आहेत. निबंध मागविणारी त्यांची निवेदने आता विद्यापीठांचे विभाग, ग्रंथालये आणि विहारांशी संलग्न संस्था यांच्यापर्यंतही पोहोचू शकतात. बौद्धविद्येच्या अभ्यासकास ती पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे की, हा संगणकतज्ज्ञांचा प्रांत आहे; पालि ग्रंथ, लेणी आणि शिलालेख यांत रमणाऱ्याचा येथे काय संबंध? हा संबंध स्पष्ट करणे आणि अशा परिषदेकडे निबंध कसा पाठवावा याची रीत सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘क्युरेशन’ हा शब्द काळजी घेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे. कागदपत्रांची छायाचित्रे काढून ती संगणकात साठविली म्हणजे क्युरेशन झाले, असा समज आपल्याकडे दृढ आहे; तो बरोबर नाही. काय ठेवावे याची निवड, ठेवलेल्याचे वर्णन, त्याच्या प्रतींची वेळोवेळी तपासणी, जुन्या स्वरूपातून नव्या स्वरूपात स्थलांतर, अभ्यासकांस ते उपलब्ध करून देणे आणि प्रसंगी विचारपूर्वक काढून टाकणे, हा सगळा क्रम त्यात येतो. ब्रिटनमधील डिजिटल क्युरेशन सेंटर या संस्थेने २००८ मध्ये हा क्रम एका चक्राच्या आकृतीत मांडला. चक्र एवढ्यासाठी की हे काम कधी संपत नाही. मूल जन्मास घालून कोणी थांबत नाही, ते वाढवावे लागते. म्हणून मराठीत यास ‘संगोपन’ म्हणणे मला अधिक उचित वाटते, आणि पुढे मी तोच शब्द योजिला आहे.

ही कल्पना बौद्ध परंपरेस अपरिचित नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात राजगृहाच्या प्रथम संगीतीचा जो वृत्तान्त आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. महाकस्सप उपालीस केवळ नियम म्हणून दाखविण्यास सांगत नाहीत. पहिला पाराजिक कोठे घालून दिला गेला, कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी, असे ते क्रमाने विचारतात आणि उपाली वेसालीचे व सुदिन्नाचे नाव सांगतात. आनंदासही ब्रह्मजालसुत्ताविषयी तसेच प्रश्न केले जातात. उत्तरात राजगृह व नालंदा यांमधील अंबलट्ठिकेचे राजविश्रामगृह, सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणवक यांचा उल्लेख येतो. स्थळ, व्यक्ती, प्रसंग आणि सांगणारा यांची नोंद असल्याशिवाय वचन संग्रहात घ्यावयाचे नाही, हा तो दंडक होय. आजच्या परिभाषेत यासच ‘मेटाडेटा’, म्हणजे सामग्रीविषयीची नोंद, असे म्हणतात. त्याच वृत्तान्तात दक्खिणागिरीहून आलेले स्थविर पुराण हे संगीतीचा आदर करूनही आपण स्वतः जे भगवंतांच्या मुखातून ऐकले तेच धारण करू, असे सांगतात. आणि ग्रंथाने त्यांचे हे भिन्न मत गाळलेले नाही. पाठभेद जपण्याची ही वृत्ती संगोपनशास्त्राने आत्मसात करावी अशीच आहे.

संगोपनाचा अभाव किती महाग पडतो हे सांगण्यास अजिंठ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ पासून रॉबर्ट गिल याच्याकडे आले. त्याने सुमारे दोन दशके खपून मोठ्या तैलचित्रांत ती उतरविली. यांपैकी बहुतेक चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनास मांडलेली असताना १८६६ च्या आगीत भस्मसात झाली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रतिकृती करवून घेतल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ नाहीशा झाल्या. पुढे काम्पो अराई या जपानी चित्रकाराच्या चमूने केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या अग्निप्रलयात गेल्या. तीन पिढ्यांचे श्रम, तीन वेळा आग! मूळ भिंतींवरील रंग मधल्या काळात पाणी, वटवाघळे, धूर आणि चुकीची वार्निशे यांनी झिजतच होते. म्हणजे १८५० च्या सुमारास जे दिसत होते आणि आज दिसत नाही, त्याचा एकमेव साक्षीदार कित्येक ठिकाणी जळालेला कॅनव्हास होता.

यातून निघणारा निष्कर्ष ‘प्रतिकृती करू नये’ असा नसून ‘एकच प्रतिकृती एकाच छताखाली ठेवू नये’ असा आहे. गिलने काढलेली छायाचित्रे १८६४ मध्ये फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली आणि ती टिकली, कारण पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी विखुरल्या होत्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. तोही अशाच विखुरलेपणामुळे सर्वत्र वापरता येतो. संगोपनशास्त्रात हाच नियम आकड्यांत सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या गावी.

डिजिटल सामग्रीस आगीचे भय आहेच, पण तिचा खरा शत्रू अधिक शांत आहे. आपल्या संस्थांपैकी ज्यांनी १९९० च्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी सुरू केली, त्यांच्या फ्लॉपी वा सीडी आज उघडून पाहाव्यात. मजकूर पेजमेकरमध्ये मांडलेला आणि श्री-लिपी, आकृती अथवा आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल. फाइल शाबूत असूनही पडद्यावर ‘बुद्ध’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गुंता दिसतो. ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण १९९१ मध्येच ठरले होते, तथापि हे फाँट आपापल्या संकेतांवर चालत राहिले. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार आणि विशेषतः पालि उद्धरणांतील अनुस्वार व ‘ळ’ यांची हमखास मोडतोड होते, आणि ती नुसत्या यंत्राने दुरुस्त होत नाही. पालि जाणणारा माणूसच लागतो. येथे बौद्धविद्येच्या अभ्यासकाचा या परिषदांशी असलेला संबंध उघड होतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या छट्ठ संगायनाची पालि संहिता देवनागरीत ग्रंथरूपाने छापली आणि १९९७ मध्ये ती सीडी-रॉमवर आणली. ती सीडी चालविणारे संगणक आज भंगारात गेले. परंतु संहिता पुढे युनिकोडमध्ये नेली गेली, अनेक लिप्यांत वाचता येऊ लागली आणि आज जगभरच्या पालि अभ्यासकांच्या रोजच्या वापरात आहे. तबकडी गेली, ग्रंथ राहिला. संगोपन म्हणतात ते यास.

आता परिषदांकडे वळू. डिजिटल क्युरेशन सेंटरची स्थापना २००४ मध्ये झाली आणि त्या संस्थेची आंतरराष्ट्रीय परिषद प्रथम २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे भरली. तेथील निबंधांस स्थान देणारे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिजिटल क्युरेशन’ हे मुक्त नियतकालिक २००६ पासून निघते. ‘आयप्रेस’ नावाने परिचित असलेली दुसरी परिषद २००४ मध्ये बीजिंग येथे सुरू झाली. ती दरवर्षी निरनिराळ्या देशांत भरते. भारतात पुण्याच्या सी-डॅकने २००९ मध्ये या विषयावर भारत-अमेरिका कार्यशाळा घेतली आणि पुढे तेथे डिजिटल जतनाचे राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले. २०१७ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृक्-श्राव्य अभिलेखागारास विश्वसनीय डिजिटल भांडार म्हणून आयएसओ १६३६३ हे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळविणारे ते जगातील पहिले भांडार होते. तेव्हा हा विषय केवळ पाश्चात्त्यांचा आहे ही सबब टिकत नाही.

या परिषदांत निबंधांचे साधारणतः दोन वर्ग केले जातात. एकास संशोधननिबंध म्हणतात. त्यात नवी पद्धती वा नवा सिद्धान्त अपेक्षित असतो. दुसरा अनुभवनिबंध किंवा कार्यनिबंध. त्यात प्रत्यक्ष केलेल्या कामाचा, त्यातील अडचणींचा आणि घेतलेल्या निर्णयांचा चिकित्सक वृत्तान्त असतो. याखेरीज भित्तिपत्रक, प्रात्यक्षिक आणि पाच-दहा मिनिटांचे लघुनिवेदन असेही प्रकार असतात. आपल्याकडील अभ्यासकाने प्रथम कार्यनिबंध अथवा भित्तिपत्रक यांचा विचार करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. छोट्या संस्थेने अल्प साधनांत काय साधले हे जाणून घेण्याची उत्सुकता या वर्तुळात खरोखर असते, कारण त्यांचे पुष्कळसे वाङ्मय मोठ्या विद्यापीठांच्या अनुभवावर बेतलेले आहे. या क्षेत्रातील सर्वाधिक प्रमाणभूत नमुना, आयएसओ १४७२१, हा तर मुळात अवकाश संशोधन संस्थांनी आपल्या उपग्रहांची माहिती टिकविण्यासाठी रचलेला आहे. चार कपाटे व दोन संगणक असलेल्या विहारग्रंथालयास तो कसा लावावा, हा प्रश्न त्यांनाही नवा वाटतो.

निबंधाच्या आधी सारांश पाठवावयाचा असतो आणि बहुतेकांची गाडी तेथेच अडते. आपल्याकडील सारांश पुष्कळदा विषयाच्या थोरवीने सुरू होतो: बौद्ध संस्कृती प्राचीन आहे, तिचा वारसा अमूल्य आहे, त्याचे जतन काळाची गरज आहे. यातील प्रत्येक विधान खरे असले तरी परीक्षकास त्यातून काही कळत नाही. समजा, एखाद्या संस्थेकडे तिच्या मासिकाचे १९९२ ते २००१ या काळातील अंक जुन्या फाँटमध्ये आहेत आणि त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केले आहे. मग सारांशाचे पहिलेच वाक्य असे असावे की, एवढे अंक अमुक फाँटमध्ये होते, त्यांतील एवढ्या फाइली उघडल्या नाहीत, आणि रूपांतरानंतर पालि उद्धरणांतील चुकांचे प्रमाण मराठी मजकुरातील चुकांपेक्षा एवढ्या पटीने अधिक आढळले. दुसरे वाक्य ते कशामुळे घडले हे सांगेल, तिसरे त्यावर योजिलेला उपाय, आणि चौथे हा उपाय सिंहली, बर्मी किंवा थाई लिपीतील सामग्रीस कितपत लागू पडेल ते. आकडे अर्थातच स्वतः मोजलेले असावेत. एवढे साधले की थोरवीची प्रस्तावना आपोआप अनावश्यक ठरते.

शब्दमर्यादा, सारांशाचा साचा, ग्रंथसूचीची पद्धत आणि लेखकाचे नाव लपवावयाचे की नाही, या गोष्टी प्रत्येक वर्षीच्या निवेदनात दिलेल्या असतात व त्या बदलतात. गेल्या वर्षीच्या साच्यावर विसंबू नये. मुदत पाहताना ती कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे तेही पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटते, पण निबंध नाकारला जाण्यास ती पुरते.

वर्णनाच्या प्रश्नावर मात्र थांबून विचार करणे आवश्यक आहे, कारण आपल्या परिसरातील सामग्री येथे जगास काही शिकवू शकते. साधे नावच घ्या. मलिक अंबरने खडकी येथे वसविलेले गाव पुढे फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. विद्यापीठ १९५८ मध्ये ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून स्थापन झाले व १४ जानेवारी १९९४ रोजी त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. १९८५ च्या प्रबंधाची नोंद करताना कोणते नाव लिहावे? आजचे लिहिल्यास दस्तऐवजाशी विसंगती येते, त्या वेळचे लिहिल्यास आजच्या शोधात ते सापडत नाही. आणि नामांतराच्या संदर्भात तर नाव हीच इतिहासाची वस्तू आहे. दोन्ही नावे त्यांच्या कालखंडासह नोंदविणे हा त्यावरील उपाय होय. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील जे चित्र एकोणिसाव्या शतकापासून ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून ओळखले गेले, ते पुढे नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकून मूर्च्छित झालेल्या त्याच्या पत्नीचे आहे असे अभ्यासकांनी दाखविले. जुने नाव पुसून टाकले तर त्या नावाने लिहिले गेलेले शतकभराचे लेखन सापडेनासे होईल. तसेच ठेवले तर चूक चालू राहील. म्हणून नोंदीत दोन्ही नावे हवीत, कोणी व केव्हा दिली यासह. लेण्यांच्या क्रमांकांचेही तेच. पंधरा व सोळा यांमधील लेणे नंतर लक्षात आले आणि ‘१५ अ’ झाले. त्यापूर्वीच्या सूचीत ते शोधू पाहणाऱ्यास ते मिळणार नाही. नामविषयक अशा गुंत्यावर नीट लिहिलेला एक निबंध कोणत्याही परिषदेत आदराने वाचला जाईल, असे माझे मत आहे.

दुसरा गंभीर विषय अधिकारांचा. लेण्यांच्या छायाचित्रणास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नियम लागू आहेत. आवश्यक परवानगीचा उल्लेख निबंधात असावा. ‘छायाचित्र जुने आहे, म्हणजे मोकळे आहे’ हा समजही सोडावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील छायाचित्रांविषयीचे स्वतंत्र कलम २०१२ च्या दुरुस्तीने वगळले गेले असल्यामुळे छायाचित्रकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षे हक्क राहतो.

परंतु कायद्यापेक्षा नीतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांच्या साक्षी, ध्वनिफिती, पत्रके आणि गाणी आजही घराघरांत आहेत. नागसेनवनाच्या परिसरात शिकलेल्या पिढीच्या आठवणीही त्यांतच येतात. हे साहित्य टिकले पाहिजे, यात शंका नाही. तथापि ज्या स्त्रीने बंद खोलीत एका अभ्यासकास आपली हकीकत सांगितली, तिने ती जगातील प्रत्येक संगणकावर ऐकविण्यास संमती दिली होती काय? गावाचे नाव, आडनाव आणि हल्लेखोराचे नाव एकत्र उघड झाले, तर त्याच गावी राहणाऱ्या तिच्या नातवंडांचे काय? २०१६ मध्ये संशोधनसामग्री शोधता, मिळविता, जोडता व पुन्हा वापरता यावी अशी चार तत्त्वे मांडली गेली व ती सर्वमान्य झाली. २०१९ मध्ये जगातील आदिवासी समूहांच्या अभ्यासकांनी त्यांस पूरक अशी तत्त्वे पुढे ठेवली: सामग्रीचा लाभ समूहास व्हावा, तिच्यावर समूहाचा अधिकार असावा, वापरणाऱ्यावर उत्तरदायित्व असावे आणि नीती पाळली जावी. दलित समूहांच्या स्मृतिसाहित्यास ही तत्त्वे कशी लावावीत, हे आपल्या अभ्यासकांनीच सांगावयास हवे. अन्यथा आपले लोक सामग्री पुरवितील आणि तिच्याविषयीचे नियम अन्यत्र ठरतील. अजिंठ्याच्या कॅनव्हासांबाबत असेच घडले होते. ते कोठे टांगावयाचे हे येथे कोणी ठरविले नव्हते.

निबंध पोहोचल्यावर दोन किंवा अधिक परीक्षक तो वाचतात. त्यांचे शेरे कधी तुटक, कधी कठोर असतात. ‘प्रतींची अखंडता कशी तपासली?’ हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. याचे उत्तर ‘चेकसम’ या युक्तीत आहे: फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली एक लांब खूण. फाइलीत एक काना जरी बदलला तरी ही खूण बदलते. ती पहिल्या दिवशी नोंदवून ठेवावी व दर सहा महिन्यांनी पडताळावी. त्यासाठीची साधने विनामूल्य मिळतात. निबंध नाकारला गेल्यास शेरे बाजूस ठेवून न देता त्यांतील प्रत्येकाचे उत्तर लिहून काढावे आणि सुधारित निबंध अन्यत्र किंवा पुढील वर्षी पाठवावा. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी मराठीत पूर्ण निबंध लिहून मग भाषांतर करावे. विचार पक्का असेल तर साधी इंग्रजी चालते. भाषांतरास वा लेखनास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असल्यास तसे नमूद करण्याची अट असू शकते. ती पाहावी व पाळावी.

बनावट परिषदांपासून सावध राहणे भाग आहे. चार दिवसांत स्वीकृती, परीक्षकांचे शेरे नाहीत, शुल्काची मात्र घाई, अशी लक्षणे दिसताच दूर व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता अभ्यासकावर व त्याच्या विभागावर अधिक आली आहे. मागील तीन वर्षांचे निबंध प्रत्यक्ष वाचणे ही त्याची सोपी कसोटी.

खर्चाविषयी एवढेच की, निबंध स्वीकारला गेल्यास किमान एका लेखकाने नोंदणीशुल्क भरावे लागते. दूरस्थ सहभागाची किंवा शुल्कसवलतीची सोय असल्यास त्यासाठी स्वतंत्र अर्ज वेळेत करावा लागतो. अंतिम प्रत पाठविताना लेखकाच्या नावाचे रोमन लेखन प्रत्येक निबंधात एकच ठेवावे, आणि २०१२ पासून विनामूल्य मिळणारा ‘ऑर्किड’ हा संशोधक-क्रमांक घ्यावा; आपल्याकडे एकाच आडनावाचे व आद्याक्षरांचे अनेक अभ्यासक असल्याने तो विशेष उपयोगी आहे. निबंधासोबतची सामग्री मान्यताप्राप्त भांडारात ठेवून तिचा स्थायी क्रमांक निबंधात द्यावा. प्रसिद्धीच्या करारात भाषांतराचा हक्क लेखकाकडे राहतो की नाही ते सही करण्यापूर्वी वाचावे. तो राहत असेल, तर निबंधाची मराठी प्रत छापून तिच्या निरनिराळ्या प्रती आपल्या संस्थेच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयांत द्याव्यात, आणि देताना प्रत्येक प्रतीवर तारीख व आवृत्ती लिहावी.